ठोके मोजून दमसास : फुटबॉल खेळाडूंसाठी हृदयगतीवर आधारलेला सराव

मराठवाड्यातील बहुतेक मैदानांवर ‘स्टॅमिना’ वाढवायचा म्हणजे मैदानाला दहा राउंड मारायचे, हे समीकरण अजूनही पक्के आहे. शिट्टी वाजते, वीस-बावीस मुले घोळक्याने पळू लागतात आणि तिसऱ्या राउंडपर्यंत त्या घोळक्याची लांबलचक रांग होते. सर्वांत पुढचा मुलगा शेजाऱ्याशी गप्पा मारत पळत असतो, कारण या वेगाचे त्याच्या हृदयाला फारसे ओझे नसते; शेवटच्या मुलाला मात्र धाप लागलेली असते आणि त्याच्यासाठी हाच सराव सामन्याइतका कठीण ठरतो. वहीत दोघांच्याही नावापुढे ‘दहा राउंड’ एवढीच नोंद होते. सराव किती अंतराचा झाला हे बाजूला ठेवून तो त्या त्या मुलाच्या हृदयाला किती जड गेला, हे पाहायचे असेल तर ठोके मोजावे लागतात.

वरच्या दर्जाच्या सामन्यात प्रौढ खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो आणि या सबंध वेळात त्याची सरासरी हृदयगती त्याच्या कमाल हृदयगतीच्या ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान राहते. गोल ठरवणाऱ्या धावा लहान आणि वेगवान असल्या, तरी दोन धावांच्या मध्ये दम परत मिळवण्याचे काम प्राणवायूवर चालणाऱ्या यंत्रणेलाच करावे लागते. नॉर्वेतील कनिष्ठ गटाच्या खेळाडूंवर झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार उपयोगी आहे. त्या खेळाडूंनी नेहमीच्या सरावासोबत आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटांच्या चार धावा केल्या आणि प्रत्येक धावेनंतर तीन मिनिटे हळू धावले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ५८ मिलिलिटरवरून ६४ पर्यंत गेली, सामन्यात कापलेले अंतर २० टक्क्यांनी वाढले आणि वेगवान धावांची संख्या दुप्पट झाली. पुढे सांगितलेली पद्धत मुख्यतः याच सूत्रावर उभी आहे. मात्र ते सूत्र आपल्या मैदानावर आणि आपल्या उन्हात वापरताना काही गोष्टी जपाव्या लागतात.

आधी प्रत्येकाचा कमाल आकडा

२२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वांना पाठ असते आणि अर्धी गडबड तिथेच होते. सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी हे सूत्र २०४ हाच आकडा देते. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याचे दुसरे सूत्र त्याच मुलासाठी १९७ सांगते. दोन्ही सूत्रे मोठ्या समूहाची सरासरी सांगतात, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. आमच्या संघात एकाच वर्गातल्या दोन मुलांची कमाल हृदयगती मोजली तेव्हा एकाची १९१ आणि दुसऱ्याची २१२ निघाली. सूत्रावर विसंबून दोघांनाही ‘१८४ वर पळा’ असे सांगितले असते, तर पहिला मुलगा त्याच्या कमाल गतीच्या ९६ टक्क्यांवर पळत दुसऱ्याच फेरीत बसला असता आणि दुसऱ्याला ८७ टक्क्यांवर पळूनही खूप मेहनत केल्याचे समाधान मिळाले असते. मोजमाप होईपर्यंत मीही पहिल्याला आळशी समजत होतो, हे इथे कबूल करायला हवे.

कमाल हृदयगती मैदानावर काढता येते, पण ती चाचणी पूर्ण ताकदीची असते. म्हणून तिच्याआधी वैद्यकीय तपासणी टाळू नये. धावताना चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, घरातील कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर हृदयाचा आलेख काढून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्या खेळाडूला चाचणीस उभे करू नये. २००४ मध्ये बंगळुरू येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेम्पो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मैदानावर कोसळून दगावला, आणि २०२१ मध्ये डेन्मार्कचा क्रिस्तियन एरिक्सन भर सामन्यात कोसळल्यावर तातडीच्या उपचारांमुळे वाचला. छातीवरचा पट्टा ठोके मोजतो, हृदयाचा आजार ओळखत नाही. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू आणि इतर तापांची साथ येते, त्या काळात ताप उतरून दोन दिवस झालेल्या मुलाचीही ही चाचणी घेऊ नये.

चाचणीच्या आदल्या दिवशी हलका सराव ठेवावा. पंधरा मिनिटांच्या वॉर्मअपनंतर चार मिनिटे जोरात धावणे आणि तीन मिनिटे हळू धावणे असे दोनदा करावे. तिसऱ्या चार मिनिटांत वेग हळूहळू वाढवत न्यावा आणि शेवटच्या मिनिटात राहिलेली सगळी ताकद लावण्यास सांगावे. या वेळी दिसलेला सर्वांत मोठा खरा आकडा कमाल मानावा. ज्यांच्याकडे हळूहळू जलद होत जाणाऱ्या इशाऱ्यांची ध्वनिफीत आहे त्यांनी त्या इशाऱ्यांवर धावण्याची यो-यो चाचणी घ्यावी. तिच्यात वीस मीटर जाऊन परत येणे आणि दर फेरीनंतर दहा सेकंदांची विश्रांती असा क्रम असल्याने ती फुटबॉलच्या जवळची आहे आणि मुलांना तिच्यात चुरसही वाटते. पुढे एखाद्या सामन्यात यापेक्षा मोठा आकडा दिसला तर वहीतला आकडा बदलावा.

आणखी एक घोळ इथेच मिटवून टाकावा. काही अॅप कमाल हृदयगतीचे टक्के धरतात, तर काही १९५७ मध्ये फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी मांडलेल्या पद्धतीने विश्रांतीचे ठोके वजा करून उरलेल्या फरकाचे टक्के काढतात आणि त्यात विश्रांतीचे ठोके पुन्हा मिळवतात. कमाल २०४ आणि विश्रांतीचे ६२ ठोके असलेल्या मुलासाठी पहिल्या हिशेबाने ७० टक्के म्हणजे १४३ आणि दुसऱ्याने १६१ होतात. कोणतीही एक पद्धत चालेल, मात्र दोन्हींची सरमिसळ करू नये. या लेखातील सर्व टक्के पहिल्या पद्धतीचे आहेत.

पट्टा, घड्याळ आणि बोटे

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, मनगटावरचे घड्याळ कातडीखालच्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून अंदाज बांधते. सरळ, एकसारख्या धावेत घड्याळ बरे काम करते. पण थांबणे, वळणे, हात झटकणे आणि अंगाला अंग भिडणे हा ज्या खेळाचा स्वभाव आहे, त्यात त्याचा आकडा मागे पडतो किंवा भरकटतो. म्हणून थोडेच पैसे असतील तर बावीस स्वस्त घड्याळांपेक्षा चार चांगले पट्टे घ्यावेत आणि ते आळीपाळीने वापरावेत. यंत्राची डबी सामाईक चालेल, कापडी पट्टा मात्र ज्याचा त्याचा असावा. घामट पट्टा एकमेकांत फिरवल्यावर नायटा किती वेगाने फिरतो, हे एका उन्हाळ्यात आम्ही पाहिले आहे. वापरानंतर पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा.

हिवाळ्यातल्या कोरड्या पहाटे एक गंमत हमखास घडते. नुकत्याच धावू लागलेल्या मुलाचे ठोके एकदम २३० दिसतात आणि प्रशिक्षक घाबरतो. अंगाला अजून घाम आलेला नसतो, पट्टा कोरडा असतो आणि पॉलिस्टरची जर्सी त्यावर घासून स्थिर वीज तयार होते. त्या विजेलाच यंत्र ठोके समजते. पट्ट्याच्या आतल्या दोन्ही पट्ट्या पाण्याने चांगल्या ओल्या कराव्यात, पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली घट्ट बसवावा आणि पहिली पाच मिनिटे आकड्याकडे दुर्लक्ष करावे.

पट्टा मुळीच नसेल तर बोटांनी नाडी मोजावी. धाव थांबताच मनगटावर किंवा गळ्याच्या बाजूला हलक्या हाताने बोटे ठेवून दहा सेकंद मोजावे आणि सहाने गुणावे. यात एक ठोका चुकला की हिशेबात सहाचा फरक पडतो. शिवाय थांबल्याबरोबर ठोके झपाट्याने उतरतात, त्यामुळे नाडी सापडायला पंधरा सेकंद लागली तर येणारा आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो. नाडी सापडण्याची सवय मुलांना आधी आठवडाभर बसल्या जागी लावावी.

जोराचा दिवस

जोराच्या सरावाचे सूत्र वर आलेच आहे : चार मिनिटे ९० ते ९५ टक्क्यांवर, मग तीन मिनिटे हळू धावत ठोके साधारण ७० टक्क्यांपर्यंत उतरू द्यायचे, आणि असे चार वेळा. १९१ कमाल असलेल्या मुलासाठी ही पट्टी १७२ ते १८१ आहे, २१२ वाल्यासाठी १९१ ते २०१. हे आकडे पेनाने मुलाच्या हातावर लिहावेत. भिंतीवर लावलेला तक्ता कोणी वाचत नाही.

सुरुवातीला सर्वांचीच एक चूक होते. हृदय वेगाच्या मागून चालते. पाय पहिल्या दहा सेकंदांत वेग पकडतात, पण ठोक्यांना त्या वेगाला साजेशा पातळीवर पोहोचायला एक ते दोन मिनिटे लागतात. ही गोष्ट ठाऊक नसलेला मुलगा तीसाव्या सेकंदाला घड्याळात १५० पाहतो, आकडा वर नेण्यासाठी शंभर मीटरच्या शर्यतीसारखा सुटतो, दीड मिनिटात त्याचे पाय जड होतात आणि उरलेली अडीच मिनिटे तो रांगत काढतो. पहिल्या मिनिटात घड्याळाकडे बघायचेच नाही, वेग असा ठेवायचा की चार मिनिटे पुरेल, आणि दुसरे मिनिट संपता संपता आकडा पट्टीत आला पाहिजे, ही सूचना प्रत्येक वेळी द्यावी. याच कारणाने दहा-वीस सेकंदांच्या स्प्रिंटचा सराव ठोक्यांवर कधीही तोलू नये; तिथे सेकंद आणि मीटर हेच माप योग्य आहे.

हा सराव चेंडूविना केला पाहिजे असे नाही. कोन, बुटके अडथळे, उलटे धावणे आणि उड्या यांचा मार्ग आखून त्यावरून चेंडू नेत धावले, किंवा छोट्या मैदानावर कमी खेळाडूंचे सामने खेळवले, तरी ठोके ९० टक्क्यांच्या वर जातात. इटलीतील कनिष्ठ खेळाडूंवरील २००६ च्या अभ्यासात नुसते धावणारा गट आणि छोटे सामने खेळणारा गट यांची सुधारणा सारखीच आढळली. आमच्या मुलांना साहजिकच चेंडू हवा असतो. चारास चार असा खेळ साधारण ३६ बाय २४ मीटरच्या जागेत, गोलरक्षकाशिवाय ठेवावा, चेंडू बाहेर जाताच दुसरा आत टाकता यावा म्हणून कडेला पाच-सहा चेंडू तयार ठेवावेत, आणि प्रशिक्षकाने सतत ओरडून खेळ हलता ठेवावा. जागा आखडली, खेळाडू वाढले किंवा प्रशिक्षक फोनवर बोलू लागला की ठोके खाली येतात, हे पट्टा निर्दयपणे दाखवतो.

छोट्या सामन्याची एक मर्यादाही आहे. संघातला सर्वांत दमदार मुलगा या खेळात अनेकदा ८५ टक्क्यांच्या पुढे जात नाही, कारण खेळाचा वेग इतरांच्या दमावर ठरतो. त्याच्यासाठी आठवड्यातला एक सराव नुसत्या धावण्याचा ठेवावा, अथवा त्याला दोन्ही संघांकडून खेळणारा मोकळा खेळाडू करावे.

असे दिवस आठवड्यात दोनच, आणि त्या आठवड्यात सामना असेल तर एकच. दोन जोराच्या दिवसांत किमान ४८ तास असावेत. मधल्या दिवशी जे धावणे असेल ते ७५ टक्क्यांच्या आत, पूर्ण वाक्य बोलता येईल इतके सोपे ठेवावे. माझ्या मते पट्ट्याचा सर्वांत मोठा उपयोग या सोप्या दिवशीच होतो. जोराच्या दिवशी मुलांना ढकलावे लागते, पण सोप्या दिवशी ती एकमेकांना मागे टाकण्याच्या नादात ८५ टक्क्यांवर पोहोचतात. मग सोपा दिवस सोपा राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जोर लावायला पायात काही उरत नाही.

ऊन आणि आकडा

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. सुब्रोतो चषकाच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्यांपासून लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर विभागापर्यंत मजल मारायची असेल, तर दमाचा पाया एप्रिल-मेमध्येच घालावा लागतो. नेमके तेव्हाच परभणी-नांदेडकडे पारा ४० अंशांच्या वर असतो. अशा हवेत शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, घामाने शरीरातील पाणी घटते, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडते, आणि तेवढेच काम करण्यासाठी हृदयाला जास्त वेळा धडकावे लागते. त्यामुळे वेग तोच असताना विसाव्या मिनिटाला १५० असलेले ठोके चाळिसाव्या मिनिटाला १६५ दिसू शकतात. हे वाढलेले पंधरा ठोके उन्हाचे आहेत, मेहनतीचे नाहीत.

याचा व्यवहारातला अर्थ दोन प्रकारचा आहे. सोप्या दिवशी आकड्याला मान द्यावा : ठोके वर गेले की वेग कमी करावा, गरज पडली तर चालावे. जोराच्या दिवशी मात्र उन्हाने फुगलेल्या आकड्यावर समाधान मानू नये, कारण ठोके ९० टक्क्यांवर असूनही पाय हळू चालत असतात आणि पायांना मिळायला हवा तो ताण मिळत नाही. म्हणून जोराचा सराव पहाटे, उजाडताच उरकावा आणि ठोक्यांसोबत चार मिनिटांत कापलेले अंतरही लिहावे. उन्हाळी सरावाचे पहिले दहा ते चौदा दिवस शरीराला उष्णतेची सवय लागण्यासाठी राखून ठेवावेत. या काळात तोच वेग दिवसेंदिवस कमी ठोक्यांत होऊ लागतो आणि घामही लवकर सुटू लागतो. तीन मिनिटांच्या विश्रांतीनंतरही ठोके ८० टक्क्यांच्या खाली येत नसतील, तर पुढची फेरी रद्द करून त्या मुलाला सावलीत बसवावे, पाणी द्यावे व त्याच्या अंगावर ओतावे. सरावापूर्वी आणि नंतर वजन केल्यास पाण्याचा हिशेब लगेच कळतो, कारण एक किलोची घट म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. ज्या भागाला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात मैदानावर पाण्याची टाकी भरून ठेवणे हे प्रशिक्षकाच्या कामाचाच भाग आहे.

आमच्या संघांत रोजे पाळणारे खेळाडू मोठ्या संख्येने असतात. रमजानमध्ये दिवसाचा सराव चेंडूच्या हलक्या कामापुरता, ७० टक्क्यांच्या आत ठेवावा आणि जोराचा सराव रोजा सोडल्यानंतर, जेवण थोडे जिरल्यावर घ्यावा. झोप कमी झाल्यानेही ठोके वर राहतात, हे त्या महिन्यातले आकडे वाचताना विसरू नये.

मुलींच्या संघाबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. सोप्या धावेतही एखाद्या मुलीचे ठोके सतत चढे राहत असतील, तिला लवकर धाप लागत असेल आणि महिना-दोन महिने सराव करूनही फरक पडत नसेल, तर ‘हिला दम नाही’ असा शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तात प्राणवायू वाहून नेणारा घटकच कमी असेल, तर हृदयाला धडका वाढवूनच ती कसर भरून काढावी लागते.

नोंदवही

रोजच्या भाराचा हिशेब ठेवण्याची एक सोपी रीत आहे. ५० ते ६० टक्क्यांत घालवलेल्या मिनिटांना एकने, ६० ते ७० टक्क्यांतल्या मिनिटांना दोनने, असे करत ९० च्या वरच्या मिनिटांना पाचने गुणावे आणि बेरीज करावी. नव्वद मिनिटांच्या एका सरावात टक्क्यांच्या या पाच टप्प्यांतली मिनिटे अनुक्रमे ३०, २५, १५, १२ आणि ८ असतील, तर भार २१३ येतो. हा आकडा दुसऱ्या मुलाशी नव्हे, त्याच मुलाच्या गेल्या आठवड्याशी ताडून पाहावा. सोबत सरावानंतर अर्ध्या तासाने ‘आज किती जड गेले?’ असे विचारून शून्य ते दहापैकी त्याचे उत्तर लिहावे. पट्टे नसलेल्या संघाला या उत्तराला सरावाच्या मिनिटांनी गुणूनही भार काढता येतो, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा तो पुरेसा ठरतो.

प्रगती पाहण्यासाठी दर महिन्याला कमाल चाचणी घेण्याची गरज नाही. दोनशे मीटरचा गोल मोजून आखावा, त्यावर दर पन्नास मीटरला कोन ठेवावा आणि दर पंधरा सेकंदांनी शिट्टी वाजवावी. प्रत्येक शिट्टीला मुलगा पुढच्या कोनापाशी असला म्हणजे वेग ताशी १२ किलोमीटर होतो. ज्यांना हा वेग जड जातो त्यांच्यासाठी शिट्टी अठरा सेकंदांनी वाजवावी, म्हणजे तो १० किलोमीटरवर येईल. सहा मिनिटे धावून शेवटच्या तीस सेकंदांतील सरासरी ठोके लिहावेत. वेळ पहाटेचीच असावी, त्याआधी चहा घेतलेला नसावा, आणि आदल्या दिवशी जोराचा सराव झालेला नसावा. ठोके रोज थोडे वरखाली होतातच, म्हणून तीन-चार ठोक्यांच्या फरकाकडे लक्ष देऊ नये. सहा आठवड्यांत १७६ चे १६८ झाले, तर दम वाढला असे खात्रीने म्हणता येते.

उतरलेला आकडा मात्र प्रत्येक वेळी चांगलाच असतो असे नाही. सलग सामने खेळून थकलेल्या मुलाचे ठोके या चाचणीत कमी दिसतात, पण जोराच्या धावेत जीव तोडूनही ते ९० टक्क्यांना पोहोचत नाहीत, आणि त्याच्या तोंडचे ‘किती जड गेले’चे उत्तर आठ-नऊ असते. वहीतल्या या तीन नोंदी एका ओळीत दिसल्या की त्या मुलाला चार दिवस धावण्यापासून सुट्टी द्यावी आणि पाचव्या पहाटे तीच सहा मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यावी.